रँडम नंबरसाठी क्वांटमचं कार्ड: पैसे नक्की कशाचे द्यायचे?

रात्रपाळीचा_डेव्ह (धागाकर्ता)

मंडळी, ऑफिसात सध्या एकच विषय चाललाय. एक व्हेंडर (नाव नको) येऊन क्वांटम रँडम नंबर जनरेटरचं कार्ड दाखवून गेला, सर्व्हरमध्ये खोचायचं म्हणे, आणि तुमचे आत्ताचे सगळे रँडम नंबर नकली आहेत आणि आमचे अस्सल आहेत असं ठणकावून सांगितलं. मॅनेजर खूश. मला सॉफ्टवेअरची बाजू कळते, फिजिक्स बारावीनंतर सुटलं, म्हणून इथे टाकतोय.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉम्प्युटर हे बिनडोक आज्ञाधारक मशीन आहे, तेच इनपुट दिलं की तेच आउटपुट, मग त्याच्याकडून रँडम काही येणार कसं? तर येत नाही. एक सुरुवातीचा आकडा घेतात, त्याला सीड म्हणतात, आणि त्यावर गणित करत करत पुढचे आकडे काढतात. दिसायला ते एकदम विस्कळीत दिसतात पण सीड कळलं की सगळी माळ कळली. पायथनच्या साध्या रँडम मॉड्यूलमध्ये मर्सेन ट्विस्टर नावाचा १९९७ चा अल्गोरिदम आहे, सिम्युलेशनसाठी उत्तम, पण त्यातून निघालेले ३२ बिटांचे सलग ६२४ आकडे कोणी बघितले तर त्याला आतली सगळी अवस्था उलगडता येते आणि पुढचा प्रत्येक आकडा तो तुमच्या आधी सांगू शकतो. म्हणून पासवर्ड, ओटीपी, एन्क्रिप्शनच्या किल्ल्या यासाठी तो वापरायचा नसतो हे कॉलेजात सांगतात आणि नोकरीत लोक विसरतात.

विसरल्यावर काय होतं याची उदाहरणं आहेतच. १९९५ मध्ये नेटस्केप ब्राउझरचं सीड घड्याळातली वेळ आणि दोन प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रॅमला मिळणारे क्रमांक) यातून बनत होतं, बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी ते शोधून काढलं आणि एन्क्रिप्शन मिनिटांत फुटलं. त्याहून भारी डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीचं. २००६ मध्ये तिच्यातल्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या कोडमधल्या दोन ओळी कोणीतरी काढून टाकल्या कारण मेमरी तपासणारं टूल त्यावर कुरकुर करत होतं, आणि त्या ओळींबरोबर जवळपास सगळा रँडमपणाच गेला, राहिला फक्त प्रोसेस आयडी. म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर एका साइजच्या किल्ल्या किती, तर ३२,७६८. बस. मे २००८ पर्यंत जगभर लोक या किल्ल्या वापरत होते आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण प्रत्येक किल्ली सुटी बघितली तर छानच दिसायची.

आता क्वांटमवाले म्हणतात सीडची भानगडच नको, निसर्गाकडूनच घ्या. एक फोटॉन (प्रकाशाचा एक कण) बीम स्प्लिटरवर, म्हणजे अर्धा प्रकाश आरपार आणि अर्धा परत पाठवणाऱ्या आरशावर सोडायचा, आरपार गेला तर ०, परतला तर १, आणि कुठे जाणार हे फोटॉनलाही आधी माहीत नसतं असं पुस्तकं सांगतात. जिनिव्हाची आयडी क्वांटिक ही कंपनी २००१ पासून या धंद्यात आहे. २०२० मध्ये तर सॅमसंग आणि एसके टेलिकॉमने कोरियात गॅलॅक्सी ए क्वांटम नावाचा फोनच काढला, त्यात अडीच मिलिमीटरची चिप, आत एक एलईडी आणि कॅमेऱ्यासारखा सेन्सर, सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर दर क्षणी किती फोटॉन पडतात यातल्या चढउतारातून बिट काढायचे.

हे सगळं ऐकायला छान आहे. पण मी व्हेंडरला विचारलं की तुमचे नंबर अस्सल आहेत हे मला कसं कळणार, तर त्याने निस्टच्या (अमेरिकेतली मानकं ठरवणारी सरकारी संस्था) चाचण्यांचा रिपोर्ट पुढे सरकवला, सगळ्या पास. आमचा आत्ताचा फुकटचा जनरेटरही त्या सगळ्या पास करतो. मग मी पैसे नक्की कशाचे द्यायचे?

तिरकस

चाचण्यांचं सोड. पायचे (π, ३.१४ वाला) दशांश घे, पहिले काही कोटी अंक, बायनरी करून त्या चाचण्यांत टाक, ऐटीत पास होतील. आणि पायइतकं ठरलेलं जगात काय आहे? व्हेंडरला म्हणावं मी तुला पाय विकतो, कार्डाच्या अर्ध्या किमतीत.

लॅबवाली

तिरकस, हे नेमकं बोललात. निस्टच्या संचात १५ चाचण्या आहेत, त्याआधी मार्साग्लियांचा डायहार्ड होता, आता टेस्टयूझिरोवन वगैरे आणखी कडक आहेत. पण हे सगळे फक्त नापास करू शकतात. आकड्यांची यादी हातात घेऊन ती रँडम आहे हे सिद्ध करणारी चाचणी नाही आणि असूही शकत नाही, कारण रँडमपणा यादीत नसतोच, ती यादी जन्माला कशी आली त्यात असतो. त्यामुळे धागाकर्त्याचा प्रश्न खरं म्हणजे असा आहे की जन्माची खात्री कोण देणार.

(मी फिजिक्स शिकवते आणि ऑप्टिक्सच्या लॅबमध्ये आयुष्य गेलंय, त्यामुळे जरा लांबेल.)

आधी एक फरक. नाणेफेक आपण रँडम म्हणतो पण ती न्यूटनच्या नियमांनी चालते, अंगठ्याचा जोर आणि कोन माहीत असेल तर निकाल सांगता येतो. पर्सी डायकॉनिस या गणितज्ञाने नाणं उडवणारं मशीन बनवून घेतलं होतं, ते दर वेळी तीच बाजू वर आणायचं. तिथे रँडमपणा म्हणजे आपलं अज्ञान. क्वांटममध्ये तसं नाही. फोटॉन बीम स्प्लिटरपाशी आला की कुठल्या डिटेक्टरला टिक होणार ही माहिती प्रमाण सिद्धांतानुसार अस्तित्वातच नसते, मोजेपर्यंत. हा दावा मोठा आहे, त्यावर पुढे वाद होईलच इथे.

पण खरं सांगू का, लॅबमध्ये बसलं की हा स्वच्छ फोटॉन कुठेच भेटत नाही. बीम स्प्लिटर ५०-५० लिहून येतो आणि ४९-५१ निघतो. दोन डिटेक्टर भाऊ-भाऊ असले तरी एकाची नजर थोडी कमजोर. एकदा टिक झालं की डिटेक्टर काही नॅनोसेकंद आंधळा होतो, तेवढ्यात दुसरा फोटॉन आला तर तो दुसऱ्या बाजूलाच सापडणार, म्हणजे ० नंतर १ येण्याची शक्यता नकळत वाढली. कधी डिटेक्टर फोटॉन नसतानाही टिक करतो, आधीच्या टिकचा प्रतिध्वनी म्हणा. तापमान बदललं की हे सगळं सरकतं. मुंबईत एसी बंद पडला की आमचं काउंट रेटचं टेबल बघायला या. म्हणजे मूळ घटना शुद्ध क्वांटम पण हातात येणारे बिट भेसळीचे.

म्हणून कच्चे बिट कोणी तसेच वापरत नाही. सगळ्यात जुनी युक्ती गणितज्ञ फॉन नॉयमनची, १९५१ ची. समजा तुमचा उपकरण ६० टक्के वेळा ० देतो. बिट दोन-दोनच्या जोड्यांनी घ्या. ०१ आलं तर ० लिहा, १० आलं तर १ लिहा, ०० आणि ११ फेकून द्या. ०१ ची शक्यता ०.६ गुणिले ०.४ आणि १० ची ०.४ गुणिले ०.६, दोन्ही ०.२४, तंतोतंत सारख्या, कल गेला! निम्म्याहून जास्त माल वाया जातो ते सोडा. अट एकच, की बिट एकमेकांवर अवलंबून नसावेत, आणि वर सांगितलेला आंधळेपणा नेमका तीच अट मोडतो. म्हणून आताची मशीनं आधी हिशोब करतात की वाईटात वाईट धरलं तर प्रत्येक कच्च्या बिटात खरी एन्ट्रॉपी (म्हणजे अंदाज न येणारा भाग) किती, आणि मग टोप्लिट्झ मॅट्रिक्ससारख्या गणिताने लांब कच्ची माळ दाबून छोटी शुद्ध माळ काढतात. तर व्हेंडरला चाचण्यांचा रिपोर्ट मागू नका, हा हिशोब मागा. नसेल तर चहा पाजून पाठवून द्या.

सोल्डर_सम्राट

ताई प्रतिसाद जबरी. मला एक सांगा, माझ्याकडे घरी बनवलेलं सर्किट आहे, बीसी५४७ ट्रान्झिस्टर, त्याचा बेस-एमिटर उलटा जोडून १२ व्होल्ट द्यायचे, कलेक्टर मोकळा. उलट्या दिशेने तो ब्रेकडाउनला जातो आणि मस्त खरखर येते, ती दोन स्टेज अँप्लिफाय करून कंपॅरेटरला दिली की ०-१ चा पाऊस. पुण्याच्या तापकीर गल्लीत सगळा माल शंभरच्या आत येतो. हे क्वांटम धरायचं की नाही? कारण मी हे क्वांटम म्हणून प्रदर्शनात ठेवलं आणि एका परीक्षकाने नाक मुरडलं.

लॅबवाली

सम्राट, तुमच्या सर्किटमध्ये ब्रेकडाउन बहुतेक अ‍ॅव्हलांश प्रकारचा आहे, एक इलेक्ट्रॉन धडकून दुसरे सोडवतो, ते आणखी सोडवतात. सुरुवात कुठल्या इलेक्ट्रॉनने कधी केली ही गोष्ट मुळात क्वांटमच. पाच व्होल्टच्या खालचे झेनर डायोड तर सरळ टनेलिंगवर (इलेक्ट्रॉन अडथळ्यातून आरपार जाणं) चालतात, ते शंभर टक्के क्वांटम. अडचण अशी की तुमच्या कंपॅरेटरपर्यंत पोचलेल्या खरखरीत अ‍ॅव्हलांशचा भाग किती, रेझिस्टरच्या उष्णतेचा किती, पॉवर सप्लायची ५० हर्ट्झची गुणगुण किती आणि शेजारच्या रेडिओचा किती हे तुम्ही वेगळं काढू शकत नाही. शत्रूने तुमच्या घराबाहेर ट्रान्समीटर लावला तर काही बिट तो ठरवेल. क्वांटम जनरेटरच्या नावाखाली जे विकलं जातं त्यात मुख्य कौशल्य याचंच असतं की क्वांटम वाटा किती आणि इतर गोंधळ किती याचं मॉडेल कागदावर मांडता येतं. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत लेझरचे दोन भाग करून दोन फोटोडायोडवर पाडतात आणि वजाबाकी करतात, लेझरचा स्वतःचा गोंधळ कटतो आणि निर्वात पोकळीतले चढउतार उरतात. इलेक्ट्रॉनिक्सची खरखर लेझर बंद करून मोजता येते. म्हणजे हिशोब जमतो.

परीक्षकाचं नाक मात्र उगाच मुरडलं गेलं.

परळचा_काका

हे सगळं वाचताना मला मटका आठवला, हसू नका. नव्या पिढीला वाटतं मटका म्हणजे मडक्यातल्या चिठ्ठ्या. त्याच्या आधी मुंबईत आकडा लागायचा तो न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजच्या कापसाच्या भावावर, ओपनिंग आणि क्लोजिंग, टेलिप्रिंटरवरून भाव यायचे. ओपन-क्लोज हे शब्द तिथून आले. १९६१ मध्ये ते भाव यायचे बंद झाले म्हणून १९६२ ला कल्याणजी भगतने वरळीत मटका काढला आणि १९६४ ला रतन खत्रीने आपला वेगळा. आमच्या चाळीत गिरणीतून सुटलेला माणूस घरी जायच्या आधी आकडा काय लागला ते विचारायचा. जुगाराचं समर्थन करत नाही, घरं बुडाली त्यात. पण मला सांगा, कापसाच्या भावावर लोकांचा विश्वास का होता? तर परळ-लालबागचा कुठलाच दादा न्यूयॉर्कचा भाव हलवू शकत नव्हता म्हणून. ते काय क्वांटम होतं का?

बीएस्सी_फायनल

काका 🙏 हा प्रतिसाद सेव्ह केला.

कुलूपकिल्ली

काका, तुम्ही नकळत आख्ख्या विषयाची नस पकडलीत. मी सिक्युरिटीत काम करतो. रँडम नंबरची दोन वेगळी गिऱ्हाइकं असतात. एकाला गुपित हवं असतं, किल्ली बनवायला, जी फक्त मलाच कळावी. दुसऱ्याला जाहीर आकडा हवा असतो, लॉटरीला, सोडतीला, जो सगळ्यांना कळावा पण कोणालाच आधी कळू नये आणि कोणाच्या हातात नसावा. कापसाचा भाव दुसऱ्या प्रकारचा. किल्ली म्हणून तो शून्य कामाचा, कारण उद्याच्या पेपरात छापून येतो, पण सोडतीला एकदम फिट. लोक हे दोन्ही एकत्र करतात आणि मग वाद संपत नाहीत.

आता पहिल्या गिऱ्हाइकाबद्दल, म्हणजे धागाकर्ता. जगात रँडम नंबरवरून जे मोठे गोते खाल्ले गेले त्यात क्वांटम नव्हतं म्हणून कोणी मेलेलं नाही. डेबियनचं वर आलंच. प्लेस्टेशन ३ चं गुपित २०१० मध्ये फुटलं कारण सोनीने डिजिटल सहीसाठी दर वेळी नवा रँडम आकडा घ्यायच्या ऐवजी तोच आकडा परत परत वापरला. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या लाखो आरएसए (एन्क्रिप्शनची एक पद्धत) किल्ल्या गोळा केल्या तर हजारो राउटर आणि तत्सम डबड्यांच्या किल्ल्यांमध्ये मूळ संख्या सामाईक निघाली, म्हणजे किल्ल्या फुटल्याच, कारण डबडं चालू झाल्या झाल्या किल्ली बनवायचं आणि तेव्हा त्याच्यापाशी एन्ट्रॉपी काहीच नसायची. या शेवटच्या केसमध्ये क्वांटम चिपने खरंच फायदा झाला असता, हे मान्य, पण साध्या थर्मल नॉइसच्या (उष्णतेच्या खरखरीच्या) चिपनेही झाला असता.

आणि मुद्दाम केलेला घोळ वेगळाच. ड्युअल ईसी नावाचा जनरेटर निस्टने २००६ मध्ये स्टँडर्डमध्ये घातला, २००७ मध्ये दोन मायक्रोसॉफ्टवाल्यांनी दाखवलं की यातले ठरलेले आकडे ज्याने निवडले त्याच्याकडे मागचा दरवाजा असू शकतो, २०१३ मध्ये स्नोडेनच्या कागदपत्रांनंतर सगळ्यांचे डोळे एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेकडे वळले, २०१४ ला तो काढला. म्हणून माझा प्रश्न व्हेंडरला हाच असेल की बाबा रे, तुझ्या सीलबंद डबीत फोटॉन आहे की एक फाइल आहे हे मला बाहेरून कसं दिसणार?

ब्रिटनच्या एनसीएससीने (सरकारी सायबर सुरक्षा केंद्र) तर २०२० मध्ये स्पष्ट लिहिलंय की सरकारी आणि लष्करी गरजांना नजीकच्या काळात साधे जनरेटर पुरेसे आहेत.

माधुरी_क्रॉयडन

ब्रिटनचा विषय निघालाच आहे तर. आमच्याकडे प्रीमियम बाँड असतात, सरकारी बचत, व्याज मिळत नाही, त्याऐवजी दर महिन्याला सोडत आणि लागलं तर बक्षीस करमुक्त. आमच्या महाराष्ट्र मंडळात निम्म्या लोकांकडे आहेत आणि पहिल्या तारखेला ग्रुपवर 'लागले का २५ पाउंड' सुरू होतं. ही सोडत १९५७ पासून अर्नी नावाचं मशीन काढतं. पहिला अर्नी टपाल खात्याच्या डॉलिस हिलच्या संशोधन केंद्रात बनला, बनवणाऱ्यांत टॉमी फ्लॉवर्स होते, तेच ज्यांनी युद्धात जर्मन कोड फोडणारं कोलॉसस बांधलं. त्यात निऑनच्या नळ्या होत्या, नळीतल्या वायूतून वीज जाताना जी खरखर होते तिच्यातून आकडे. सम्राट यांच्या सर्किटचा पणजोबाच! आता तो लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

२०१९ पासून पाचवा अर्नी आलाय आणि तो क्वांटम आहे, आत त्याच जिनिव्हावाल्यांची चिप. आधीच्याला नऊ तास लागायचे ते काम बारा मिनिटांत होतं. पण गंमत म्हणजे क्वांटम आलं तरी दर सोडतीनंतर सरकारचे अ‍ॅक्चुअरी आकडे तपासतात, तपासून सर्टिफिकेट दिल्याशिवाय बक्षीस नाही. माणूस अजून लागतोच.

कुलूपकिल्ली

माणूस लागतो आणि माणूसच नडतो. अमेरिकेत लॉटरीच्या संघटनेचा सिक्युरिटी डायरेक्टर एडी टिप्टन, त्याने जनरेटरच्या कोडमध्येच असं काहीतरी घातलं की वर्षातल्या ठरावीक दिवशी आकडे त्याला ओळखता यावेत. २०१० च्या डिसेंबरात आयोवात दीड कोटी डॉलरच्या वरचं तिकीट लागलं, ते घ्यायला कोणी पुढेच येईना, शेवटी दुकानाच्या सीसीटीव्हीवरून पकडला, २०१७ मध्ये पंचवीस वर्षांपर्यंतची शिक्षा. आत क्वांटम असतं तरी याने कोड बदललाच असता.

बीएस्सी_फायनल

मला एक बेसिक शंका आहे. किल्लीकाका म्हणतात तसं डबीत फाइल असेल, म्हणजे व्हेंडरने कारखान्यात एक टेराबाइट रँडम आकडे भरून ठेवले आणि एक कॉपी स्वतःकडे ठेवली, तर सगळ्या चाचण्या पास, हिशोबही बरोबर दाखवेल, आणि माझी प्रत्येक किल्ली त्याला माहीत. हे पकडायला काही उपायच नाही का? की विश्वास ठेवणे हाच उपाय?

लॅबवाली

उपाय आहे आणि मला विचाराल तर आख्ख्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे. चहा घेऊन बसा.

दोन डब्या घ्या, एकमेकींपासून लांब, मधे काही निरोप जाऊ शकणार नाही इतक्या. दोघींना एकाच वेळी एकेक प्रश्न विचारा, प्रश्न ० किंवा १, आणि दोघींनी उत्तर ० किंवा १ द्यायचं. नियम असा: दोघींना १ प्रश्न आला तर उत्तरं वेगळी हवीत, बाकी तिन्ही वेळा सारखी हवीत. डब्यांमध्ये आधी काहीही फाइल भरून ठेवा, कितीही हुशारीने, त्या चारपैकी तीनच प्रकार सांभाळू शकतात, म्हणजे ७५ टक्के. कागदावर करून बघा, चौथा जमवायला गेलं की पहिल्या तिनातला एक सुटतो. पण डब्यांमध्ये एन्टँगल्ड (क्वांटमने एकमेकांत गुंतलेल्या) कणांची जोडी असेल तर ८५ टक्क्यांपर्यंत जाता येतं. हेच बेलचं प्रमेय, १९६४ चं, जरा नंतरच्या पोशाखात.

आता उलटं वाचा. मी डबी उघडली नाही, व्हेंडरवर विश्वास ठेवला नाही, फक्त प्रश्न विचारले आणि गुण मोजले. गुण ७५ च्या वर सातत्याने आले तर त्या उत्तरांची फाइल आधी अस्तित्वात असूच शकत नाही. कोणाकडेही. व्हेंडरकडेही. आणि ७५ च्या किती वर, त्यावरून किती बिट ताजे जन्मले याचा हिशोब निघतो. चाचणी यादीची न राहता जन्माची झाली!

हे २०१० मध्ये पहिल्यांदा करून दाखवलं. यटर्बियम या धातूचे दोन आयन (विद्युतभारित अणू), साधारण एक मीटर अंतरावर वेगवेगळ्या निर्वात पेट्यांत. ३,०१६ घटना नोंदल्या आणि त्यातून किती रँडम बिट सिद्ध झाले? ४२. हो, बेचाळीस फक्त. पुढे २०१५ मध्ये डेल्फ्ट, व्हिएन्ना आणि निस्टने पळवाटा बंद करून बेल टेस्ट, म्हणजे हाच डब्यांचा खेळ, केल्या, २०१८ मध्ये निस्टने १८७ मीटर लांबीच्या मांडणीत फोटॉन वापरून सुमारे दहा मिनिटांच्या मोजणीतून १,०२४ बिट काढले. २०२२ चं नोबेल अ‍ॅस्पे, क्लाउझर, झाइलिंगर यांना मिळालं ते याच घराण्यातलं काम. बंगळुरूच्या रामन इन्स्टिट्यूटमध्ये उर्बशी सिन्हा यांच्या गटाने दोन लांबच्या डब्यांऐवजी एकाच फोटॉनवर वेगवेगळ्या वेळी मोजमाप करून, लेगेट-गर्ग असमानता म्हणतात ती वापरून, नऊ लाखांवर बिट काढले, सेकंदाला चार हजारांच्या आसपास. तिथे गृहीतकं थोडी जास्त लागतात पण मांडणी टेबलावर मावते.

तिरकस

एक मिनिट. डब्यांना प्रश्न ० की १ हे कोण ठरवणार? ते रँडम हवं ना? म्हणजे रँडम बनवायला रँडम लागतं. दही लावायला विरजण कुठून आणायचं?

लॅबवाली

अगदी. विरजण लागतंच. म्हणून याला रँडमपणा वाढवणे म्हणतात, थोडं घालून जास्त काढायचं. अट एवढीच की प्रश्नांचा डब्यांना आधी पत्ता नसावा. ३० नोव्हेंबर २०१६ ला तर जगभरच्या सुमारे लाखभर लोकांनी ऑनलाइन गेम खेळत ०-१ दाबले आणि ते बिट थेट वेगवेगळ्या देशांतल्या लॅबमध्ये प्रश्न म्हणून वापरले, बिग बेल टेस्ट नाव होतं. माणसं रँडम दाबण्यात अत्यंत वाईट असतात, तरी डब्यांना ते माहीत नव्हतं एवढं पुरलं.

निमित्तमात्र

आणि जर प्रश्न विचारणाराही, डबीही, फोटॉनही सगळं सृष्टीच्या आरंभीच ठरलेलं असेल तर? गीता वाचा. तुमचं ८५ टक्के काय आणि ७५ काय, लिहिलेलंच घडतंय.

लॅबवाली

याला फिजिक्समध्येही नाव आहे, सुपरडिटर्मिनिझम, आणि ते कुठल्याच प्रयोगाने खोडता येत नाही. भौतिकशास्त्रज्ञ बोमचाही एक सिद्धांत आहे ज्यात सगळं ठरलेलं असतं आणि भाकितं नेहमीच्या क्वांटमसारखीच येतात. पण त्यातलं लपलेलं गणित तुम्हाला-मला-हॅकरला कोणालाच वाचता येत नाही. धागाकर्त्याला किल्ली परमेश्वरापासून लपवायची नाहीये.

कुलूपकिल्ली

ऑडिटमध्ये तो थ्रेट मॉडेल (कोणापासून बचाव करायचा याचा आराखडा) कोणी लिहिला तर मी सही करणार नाही 😀

परळचा_काका

बरं मग ते सोडतीचं सांगा. म्हाडाची सोडत कॉम्प्युटरवर निघते, दर वेळी कोणीतरी शंका काढतंच. तिथे हे क्वांटम बसवलं तर लोकांची तोंडं बंद होतील का?

कुलूपकिल्ली

नुसतं क्वांटम बसवून नाही होणार काका, कारण प्रेक्षकाला पडद्यावर आकडाच दिसतो, तो फोटॉनमधून आला की ऑपरेटरच्या खिशातून हे दिसत नाही. तिथे तुमच्या कापसाच्या भावाचीच युक्ती लागते. समजा सोडत शनिवारी ११ ला. शुक्रवारी अर्जांची अंतिम यादी क्रमांकासकट जाहीर करायची आणि तिचा हॅश (यादीवरून गणिताने निघणारा छोटा ठसा) पेपरात छापायचा, म्हणजे नंतर एक अक्षर बदललं तरी कळेल. आकड्यावरून विजेता कसा काढणार ते सूत्रही आधीच जाहीर. आणि आकडा घ्यायचा बाहेरचा, जो शनिवारी ११ वाजून १ मिनिटाने प्रसिद्ध होईल. निस्टचं रँडमनेस बीकन दर मिनिटाला ५१२ बिट सही करून जाहीर करतं, मागचा प्रत्येक आकडा साखळीने जोडलेला. २०२५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठ आणि निस्टने बेल टेस्टवर चालणारं कर्बी नावाचं बीकन सुरू केलं. मग घरी बसलेला अर्जदार लॅपटॉपवर तेच सूत्र चालवून तोच विजेता काढू शकतो. आपल्याकडे देशी बीकन असलं तर आणखी बरं, नॅशनल क्वांटम मिशनला ६,००३ कोटी मंजूर आहेत, पुण्यात आयसरमध्ये क्वांटमचा आय-हब आहे, त्या मानाने हे काम फार खर्चिक नाही असं माझं मत.

आणि बाहेरचा आकडा न घेता नुसतं हाताने ढवळलं तर काय होतं तेही सांगतो. १ डिसेंबर १९६९, व्हिएतनामला कोणी जायचं याची अमेरिकेत सोडत निघाली. वर्षातल्या ३६६ तारखा निळ्या प्लॅस्टिकच्या कॅप्सूलमध्ये घालून बरणीतून एकेक काढल्या. कॅप्सूल महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या आणि नीट ढवळल्या गेल्या नाहीत, त्यामुळे वर्षाच्या शेवटी जन्मलेल्या पोरांचे नंबर आधी लागले, डिसेंबरवाल्यांचे तर सगळ्यात जास्त. टीव्हीवर लाइव्ह, सगळ्या देशासमोर, कोणाचीही लबाडी नाही.

रात्रपाळीचा_डेव्ह

सगळ्यांचे आभार, धागा भलताच कुठे कुठे गेला. आम्ही ठरवलंय ते सांगतो. कार्ड एकच घेतोय, ट्रायलवर, आणि त्याचे बिट थेट किल्लीला लावणार नाही, लिनक्सच्या एन्ट्रॉपी पूलमध्ये (रँडमपणाच्या साठ्यात) बाकीच्यांबरोबर मिसळणार. प्रोसेसरची आरडीरँड (रँडम आकडे देणारी आतली सोय) आहे, इंटरप्टच्या (कीबोर्ड, डिस्क वगैरेंच्या सिग्नलच्या) वेळा आहेत, त्यात हे एक. कार्डवाला लबाड निघाला तरी बाकीच्यांचं गुपित तो खराब करू शकत नाही, आणि बाकीचे कमजोर निघाले तर कार्ड वाचवेल. ताईंनी सांगितलेला एन्ट्रॉपीचा हिशोब मागितला, व्हेंडर म्हणाला हेड ऑफिसला विचारतो. अजून विचारतोय.

कुलूपकिल्ली

बरोबर. मशीन बूट झाल्यावर पूल भरेपर्यंत किल्ल्या बनवायच्या नाहीत एवढं मात्र बघा, कार्ड असो नसो.

सोल्डर_सम्राट

माझं एक शेवटचं. बीसी५४७ सोडून गायगर काउंटरवर करतोय, किरणोत्सर्ग तरी नक्की क्वांटम ना? रशियन एसबीएम-२० ट्यूब आहे. नुसत्या पार्श्वभूमीवर मिनिटाला साधारण २० टिक येतात. दोन टिकांमधलं अंतर मोजायचं, मग पुढचं अंतर मोजायचं, पहिलं मोठं तर ०, दुसरं मोठं तर १. म्हणजे एका बिटाला दोन टिक, मिनिटाला १० बिट, २५६ बिटांच्या किल्लीला पंचवीस-सव्वीस मिनिटं. गावाकडे पेट्रोमॅक्सचं जुनं मॅन्टल सापडलं, त्यात थोरियम असतं म्हणे, ते ट्यूबजवळ ठेवलं तर वेग वाढेल का?

लॅबवाली

वाढेल, जुन्या मॅन्टलांत थोरियम असायचं. पण मॅन्टल प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करूनच ठेवा, जळलेलं असेल तर हातही लावू नका, त्याची पूड नाकात जाणं चांगलं नाही. पद्धत योग्य आहे, जिनिव्हाजवळचं नसलं तरी स्वित्झर्लंडचंच हॉटबिट्स वर्षानुवर्षं सीझियम-१३७ वर याच पद्धतीने चालायचं. ते एक पाऊल पुढे जायचे, दर बिटानंतर ० आणि १ चा अर्थ उलटा करायचे, म्हणजे घड्याळाचा काही कल असेल तर तो कटतो. दोन्ही अंतरं सारखी आली तर तो बिट टाकून द्या. आणि आर्डुइनोवर (छोट्या कंट्रोलर बोर्डवर) मोजत असाल तर मिलिसेकंदात मोजू नका, मॅन्टल लावल्यावर टिक वाढतील तशी सारखी अंतरं बरीच यायला लागतील, मायक्रोसेकंदाचं फंक्शन वापरा.

सोल्डर_सम्राट

मायक्रोवालं चार-चारच्या पटीतच आकडा देतं ना आर्डुइनो उनोवर?

लॅबवाली

हो, १६ मेगाहर्ट्झवर चारच्याच पटीत. तुमच्या वेगाला पुरतं.